दोन गणवेश, एक वैमानिक : जुहूच्या धावपट्टीवरचा विसरलेला प्रश्न

१/ ११ ऑक्टोबर २०२४. नेरे, पनवेल, उलवे या पट्ट्यातील अनेक जण ज्या धावपट्टीवर प्रवासी विमान कधी उतरेल याची वाट पाहत होते, त्या नव्या विमानतळावर पहिले विमान उतरले. ते प्रवासी विमान नव्हते. ते भारतीय हवाई दलाचे सी-२९५ होते.

२/ विमानतळाचे उद्घाटन पुढील वर्षी ८ ऑक्टोबरला, म्हणजे हवाई दल दिनी झाले. हा शेजार जुना आहे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले.

३/ जुहूहून ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ते पूर्वाश्रमीचे रॉयल एअर फोर्सचे वैमानिक. भारतीय नागरी विमानसेवेचा जन्मच असा एका माजी सैनिकाच्या साथीने झाला. परंतु उलट दिशेचा प्रश्न अधिक अवघड होता : नोकरीत असलेला नागरी वैमानिक देशाचा राखीव सैनिकही होऊ शकतो का?

४/ १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा भारतीय हवाई दलात १६ अधिकारी आणि १४४ जवान होते. स्क्वाड्रन एकच. रक्षण करायचे होते हजारो किलोमीटरच्या किनाऱ्याचे. म्हणून स्वयंसेवकांचे राखीव दल उभे राहिले आणि त्यातून किनारा संरक्षणाच्या सहा तुकड्या निघाल्या. मुंबईची तुकडी जुहूला होती.

५/ जुहू म्हणजे तेच मैदान, जे पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि टाटांची विमाने पुण्याला हलवावी लागत. आता तेथूनच नागरी परवाना असलेले तरुण जुनाट ‘वापिटी’ विमानांतून समुद्रावर गस्त घालू लागले. हाताखाली विमान होते, अंगावर मात्र दुसरा गणवेश.

६/ तरीही याला ‘समतोल’ म्हणता येत नाही. युद्धकाळात राखीव दल राखीव उरत नाही. ते पूर्णवेळ होते. १९४२ च्या अखेरीस या तुकड्या मोडून त्यांतील माणसे नियमित स्क्वाड्रनमध्ये सामावली गेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हिन्सेंट इंग्लंडहून परतताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमानासह नाहीसे झाले होते.

७/ २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य पोहोचवायचे होते आणि हवाई दलाची डाकोटा विमाने अपुरी होती. नागरी कंपन्यांची डाकोटा विमाने आणि त्यांचे वैमानिक मदतीला धावले. बंदूक हाती न घेता ते युद्धाचा भाग झाले.

८/ पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, संसदेने राखीव व सहायक हवाई दलांचा कायदा केला. त्यात तीन घटक होते : नियमित सेवेतून बाहेर पडलेल्यांचे राखीव दल, विमानविद्येचे कौशल्य असलेल्या नागरिकांचे हवाई संरक्षण राखीव दल, आणि स्वयंसेवकांचे सहायक हवाई दल.

९/ या कायद्याचा खरा गाभा शस्त्रांविषयी नव्हे, नोकरीविषयी आहे. सेवेसाठी बोलावलेला माणूस परतल्यावर त्याला पुन्हा कामावर घेणे हे त्याच्या मालकाचे कर्तव्य ठरवले गेले. घरी चूल पेटती राहील ही खात्री नसेल, तर स्वयंसेवक कितीही शूर असला तरी तो येणार कसा?

१०/ ५१ पासून पुढचे क्रमांक असलेल्या सहायक स्क्वाड्रन मोठ्या शहरांत उभ्या राहू लागल्या. मुंबईच्या वाट्याला ५२ क्रमांक आला. आठवडाभर आपला व्यवसाय आणि सवडीच्या दिवशी सरावाचे उड्डाण, अशी ही कल्पना. पुढे मात्र या स्क्वाड्रनचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

११/ जमिनीवर हीच कल्पना टिकली. १९४९ पासूनची प्रादेशिक सेना आजही आहे. कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली तिची १०९ वी बटालियन आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्याही तिच्यात तुकड्या आहेत. संकटात रेल्वे चालू ठेवणे हेच त्यांचे काम, म्हणजे नोकरी आणि कर्तव्य एकाच रुळावर.

१२/ वैमानिकाचे तसे नाही. प्रवासी विमान आणि लढाऊ विमान यांत हाताची सवयच वेगळी, आणि सराव सुटला की ती बोथट होते. शिवाय थकव्यामुळे नागरी वैमानिकाच्या उड्डाणावर वर्षाला १,००० तासांची कमाल मर्यादा असते. सर्वांत कठीण हे की ज्या दिवशी देशाला तो हवा असतो, त्याच दिवशी विमानकंपनीलाही तो हवा असतो.

१३/ अमेरिकेत ही कसरत आजही चालते. अनेक प्रवासी वैमानिक महिन्यातले काही दिवस राखीव दलात उड्डाण करतात. १९९४ च्या कायद्याने एका मालकाकडे साधारण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी अनुपस्थितीत त्यांची नोकरी सुरक्षित राहते. तरी रजा, पाळ्या आणि ज्येष्ठता यांवरून वाद होतातच.

१४/ भारतात रस्ता प्रामुख्याने एकेरी राहिला : आधी हवाई दल, मग निवृत्ती, मग विमानकंपनी. उलट दिशेने गेला तो सन्मान. जे. आर. डी. यांना १९७४ मध्ये मानद एअर व्हाइस मार्शल करण्यात आले. पद मोठे, पण त्यात हजेरीचा हुकूम नव्हता.

१५/ एकच धावपट्टी सकाळी लष्करी आणि दुपारी नागरी होऊ शकते. सिमेंटला घरदार नसते. माणसाला असते. म्हणून उलव्याच्या आकाशात पुढच्या वेळी हवाई दलाचे विमान दिसले, तर शौर्याबरोबर १९५२ च्या कायद्यातील ते रुक्ष कलमही आठवावे : गेलेल्याची खुर्ची परत येईपर्यंत राखून ठेवणारे.