अनुस्वार गेले कुठे?

मंडळाचा अंक घरोघरी पोचला की संपादकांचा फोन खणखणू लागतो. एका वाचकाची तक्रार असते की 'गुरु' ऱ्हस्व छापला. दुसऱ्याची, की 'गुरू' दीर्घ छापला. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही शाळेत शिकले तेच सांगत असतात. फरक एवढाच की त्यांच्या शाळा वेगवेगळ्या काळातल्या होत्या.

मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. महामंडळाच्या चौदा लेखननियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली. १९७२ साली चारांची भर पडून ते अठरा झाले. तोवर संस्कृताप्रमाणे 'कवि', 'बुद्धि', 'गुरु' लिहीत. नव्या नियमाने शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला, पण समासात ऱ्हस्वच राहिला. म्हणून 'बुद्धी', पण 'बुद्धिबळ'. यावरून आजही घराघरांत वाद होतात, ते होऊ द्यावेत.

खरी उलथापालथ झाली ती अनुस्वारांची. पूर्वी नांव, पांच, कांहीं, घरीं, त्यानें, केलें असे लिहीत. हे टिंब शोभेचे नव्हते. 'पांच'मध्ये संस्कृत 'पञ्च'चा आणि 'नांवा'त 'नामन्'चा अनुनासिक शिल्लक होता. प्रमाण मराठीच्या उच्चारातून तो केव्हाच गेला. गोव्याच्या कोंकणीत 'तें' अजून नाकातून ऐकू येते. महामंडळाने अनेकवचनी सामान्यरूपावरचा (मुलांना, लोकांनी) आणि स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार ठेवला, बाकीचे काढले. (बोलण्यातल्या 'केलं'वरचे टिंब निराळे, ते लांबवलेल्या 'अ'साठी.) मला हा निर्णय योग्य वाटतो. जे कानाला ऐकूच येत नाही ते मुलांनी किती म्हणून घोकायचे? पण त्याची किंमतही पडली. आज 'ते आले' एवढेच लिहिले तर वडील आले की पत्र आले? जुन्या लेखनात पत्रासाठी 'तें आलें' असे, आणि प्रश्नच येत नसे.

या नियमांतला एक नियम फारसा कोणाच्या लक्षात नसतो. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे मात्र नव्या नियमांनुसार. चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली १८७४ साली. म्हणजे त्यानंतरच्या जवळजवळ नव्वद वर्षांच्या लेखनातली टिंबे पुनर्मुद्रणात पुसण्याची ही परवानगीच. वाचकाची सोय झाली खरी, पण मूळ लेखन कसे होते हे त्याला कळेनासे झाले. आपली मुले नवीन पुस्तकांवर वाढतात. जुने लेखन त्यांना प्रथम भेटते ते आजी-पणजीच्या हस्ताक्षरात.

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या मराठी शाळेतली तेरा वर्षांची एक मुलगी पणजीची १९५८ सालची पत्रे घेऊन आली. कुटुंबाच्या पुस्तकासाठी ती ती टंकित करत होती आणि टंकताना 'शुद्ध'ही करत होती. झेरॉक्सवर लाल पेनाने गोलच गोल. "काका, पणजीला मराठी लिहिता येत नव्हतं का?" मी म्हटलं, "अगं, पणजीच्या शाळेत हेच शुद्ध होतं. या पानावर तिची एकही चूक नाही."

तिची अडचणही खरी होती. संगणकाला 'नांव' आणि 'नाव' हे दोन वेगळे शब्द वाटतात; एक शोधला तर दुसरा सापडत नाही. मी सुचवलं की मूळ पत्र टिंबांसकट उतरव आणि शोधण्यासाठी नव्या लेखनाची प्रत वेगळी ठेव. ते तिला फारसं पटलं नाही, काम दुप्पट होत होतं. मग आम्ही एक पत्र सोबत वाचलं. बाळाचं 'नांव' काय ठेवलंत, असं पणजीने विचारलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की पावसामुळे चार दिवस 'नाव' सुटली नाही. हिने दुसऱ्या शब्दाभोवतीही गोल काढला होता, टिंब राहिलं म्हणून.

"पण हे नाव कोणाचं?" तिने विचारलं.

"कोणाचं नाही," मी म्हटलं, "ही खाडीतली होडी."