मोटार विमा : रानडुक्कर आडवे आले तर?

चंद्रपूरहून मूल किंवा मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंधार पडल्यावर रानडुक्कर, चितळ वा रोही मोटारीपुढे येणे नवलाचे नाही. धडकेत बॉनेट व रेडिएटरची मोडतोड झाली, की आपल्या विम्याचा प्रकार कोणता, हे अनेक मालक प्रथमच तपासतात.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो त्रयस्थ पक्षाचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा. आपल्या मोटारीमुळे दुसऱ्याचा मृत्यू वा इजा झाल्यास न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई विमा कंपनी देते. मालमत्तेच्या हानीस मात्र साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे. स्वतःच्या मोटारीसाठी या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. दोन मोटारींच्या टकरीत दोषी वाहनाच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो; रानडुकराला विमा कंपनी नसते.

ही हानी भरून निघते ती 'ओन डॅमेज' विम्यातून. दोन्ही एकत्र घेतल्यास त्यास सर्वसमावेशक किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. येथेच एक फसगत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेजची मुदत मात्र बहुधा एकच वर्ष असते. पॉलिसीवर तीन वर्षे पाहून निर्धास्त राहिलेल्या मालकाची मोटार दुसऱ्या वर्षी संरक्षणाविना धावत असते.

अपघात, चोरी, आग व पुराबरोबरच दंगल, घातपात आणि दहशतवादी कृत्य यांचाही ओन डॅमेजमध्ये समावेश असतो. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली होती, हे आठवले म्हणजे या कलमाचे गडचिरोलीतील मोल कळते.

पुराचे प्रकरण अधिक नाजूक आहे. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरले. भामरागडला तर पर्लकोटेचा पूर पावसाळ्यात वारंवार अडवतो. पाण्यात उभी मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन निकामी झाले, तर साध्या पॅकेज पॉलिसीत तो दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची पूरक जोड लागते. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो; तो टाळायचा असल्यास 'झिरो डेप्रिसिएशन' घ्यावे.

बंद पडलेली मोटार ओढून नेण्यासाठी प्रचलित पॉलिसीत जेमतेम १५०० रुपये मिळतात. एटापल्ली वा भामरागडहून नागपूरच्या वर्कशॉपपर्यंत ते कसे पुरणार? रस्त्यावरील मदतीची जोड घेताना किलोमीटरची मर्यादा वाचावी. आणखी एक बाब म्हणजे खासगी नोंदणीच्या मोटारीतून ताडोब्याचे पर्यटक भाड्याने नेताना अपघात झाला, तर वापराच्या अटीचा भंग म्हणून ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो.