झाड राजाचं, बांध तुमचा

मार्च १७९२. तुम्ही म्हैसूर मुलखातले एक साधे कुळवाडी आहात आणि श्रीरंगपट्टणचा वेढा नुकताच उठलाय. इंग्रज, निजाम आणि हरिपंत फडक्यांबरोबर आलेले पेशव्यांचे लोक, तिघांनी मिळून टिपू सुलतानाला तहावर सही करायला लावली. निम्मा मुलूख गेला, वर ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी बसली. राजेलोकांच्या या भानगडीत आपल्याला काय, असं म्हणत तुम्ही बांधावर येता. बांधावर एक चंदनाचं झाड आहे. तुम्ही लावलेलं नाही, कुठल्यातरी पाखरानं बी टाकलं आणि ते उगवलं. याच वर्षी टिपूनं चंदन हा राजवृक्ष ठरवून टाकला. झाड सरकारचं झालं. बांध तेवढा तुमचा राहिला.

तिजोरी रिकामी झालेल्या राजाची नजर चंदनावर गेली, हा माझा तर्क. पण टिपू गेला, वडियार आले, इंग्रज कमिशनर आले, पुन्हा वडियार आले आणि चंदनाचा मक्ता कोणीही सोडला नाही. एवढं सोन्यासारखं लाकूड कोण सोडतंय!

आता ११८ वर्षं पुढं चला. १९१० साल, हुणसूरजवळचं रान, पाऊस सरलाय. अंगावर जाडंभरडं धोतर असू द्या, पायात वहाणा हव्यातच, कारण घाणेरीचं काटेरी जाळं सगळीकडे आहे. पहिली गोष्ट तुमच्या ध्यानात येईल ती ही, की वास येत नाही. चंदनाच्या रानात उभे आहात आणि नाकाला मातीशिवाय काही नाही. समोरचं झाड बारमाही हिरवं, पण दिसायला अगदीच बेताचं: किरकोळ खोड, समोरासमोर पातळ पानं, बारीक तांबूस फुलं, काळपट जांभळी फळं. पान चुरगाळा, साल खरवडा, फूल हुंगा, काहीच नाही. सापही नाहीत, निदान चंदनाच्या ओढीनं आलेला एकही नाही. सुभाषितकारांनी रानात फेरी मारली असती तर बरं झालं असतं.

कुऱ्हाड आणली असेल तर तूर्त बाजूला ठेवा. चंदन तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. सगळ्यांत जास्त तेल मुळांत असतं. बुंध्याशी घाव घालून खोड नेलं तर मोलाचा भाग जमिनीतच राहिला. म्हणून पहार आणि कुदळ. चार माणसं झाडाभोवती चर खणतात, मुळांचा माग काढत लांबवर जातात. तुम्ही वाकून बघा. चंदनाच्या बारीक मुळांना घुंगरासारख्या गाठी आहेत आणि त्या शेजारच्या झुडपाच्या मुळांना घट्ट चिकटल्यात. शेजाऱ्याच्या मुळातून पाणी आणि क्षार ओढून घ्यायचे, अन्न मात्र आपल्या हिरव्या पानांत स्वतः तयार करायचं, असा त्याचा अर्धा परावलंबी संसार. एकट्या कुंडीत लावलेलं चंदन रडत का वाढतं, ते इथं कळतं.

रानात काही झाडं वेगळीच दिसतील. पानं आखडून बारीक झालेली, फांदीवर टोकदार उभी राहिलेली. ती मरायला टेकलीत. या रोगाला इंग्रज वनाधिकारी स्पाइक म्हणतात. १८९९ मध्ये तो कूर्गमध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला आणि आता म्हैसूरची रानं खातोय. कारण कोणालाच कळलेलं नाही. फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव त्यामागं आहे हे कळायला अजून जवळजवळ साठ वर्षं लागणार आहेत. तुम्हाला ठाऊक असलं तरी बोलू नका. कोण ऐकणार?

झाड आडवं झालं की साल निघते, मग वरचं पांढरं लाकूड. तेही बिनवासाचंच. वाकसाचा घाव गाभ्याला लागतो, पिवळसर तपकिरी ढलपी उडते आणि तेव्हा कुठं चंदन चंदनासारखं वागतं. पाच माणसांची कुजबुज एकदम थांबते. सरकारी शिपाई मात्र वासानं विरघळणारा नाही, तो ढलप्यासुद्धा गोळा करून घेतो. बैलगाडी भरते आणि सगळा माल कोटीवर जातो.

कोटी म्हणजे सरकारी चंदनाचं कोठार. इथं लाकूड घासून, तासून, तोलून त्याची प्रतवारी होते आणि या प्रती तब्बल १८! सरळ, जाड, भेग नसलेले ओंडके ते विलायत बुध. त्यांच्या खालोखाल चायना बुध, मग पंजम, मग घोटला, असं उतरत उतरत मुळांचे वर्ग, चिलटा म्हणजे ढलप्या, वाकसाखाली पडलेली बसोला बुकणी आणि सर्वांत शेवटी करवतीचा भुसा. भुसाही विकला जातो. लिलावाच्या दिवशी इथं उभे राहा. व्यापाऱ्यांचे अडते बोली लावतायत, गाठोडी बांधली जातायत, आणि त्यांतला मोठा भाग जहाजावर चढून जर्मनीला निघालाय. लाइपझिगजवळ मिल्टिट्झला शिमेल कंपनीचा कारखाना आहे; तिथं या लाकडाचं तेल निघतं. ते सुगंधी द्रव्यांत जातं आणि औषधांतही, कारण पेनिसिलिन अजून जन्मायचंय आणि परम्यावर डॉक्टर चंदनतेलाच्या गोळ्या देतात. लाकूड म्हैसूरचं, नफा लाइपझिगचा.

तेल काढणं आपल्याकडे कोणाला येत नव्हतं, असं अजिबात नाही. कन्नौजचे अत्तरवाले देग-भपक्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. पण युरोपातल्या औषधवाल्यांना प्रत्येक डब्यात सारखंच तेल हवं होतं, निदान ९० टक्के सँटॅलॉल असलेलं, आणि ते प्रयोगशाळेत सिद्ध करून.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रू ठरलं. कोट्यांमध्ये लाकूड पडून. दिवाण आहेत एम. विश्वेश्वरय्या, संस्थानच्या उद्योगखात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन. हाच गृहस्थ पूर्वी मद्रासला ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या मागं लागला होता. त्यानं बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेतले प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांना गाठलं. आधी प्रयोग झाले, मग १९१६ मध्ये बंगळूरला कारखाना.

त्या कारखान्यात तुमची रात्रपाळी आहे. आत या. एका बाजूला यंत्र ओंडक्यांचे तुकडे आणि तुकड्यांची भरड करतंय. हवेत पिवळी धूळ, पापण्यांवरसुद्धा. भरड जितकी सारखी, तितकी वाफ तिच्यातून नीट फिरते. ती भिजवून मोठ्या भांड्यात भरायची, झाकण घट्ट बसवायचं आणि खालून बॉयलरची वाफ सोडायची. वाफ लाकडातलं तेल उचलून वरच्या नळीनं बाहेर पडते, थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यातून जाते आणि पात्रात दुधी पाणी ठिबकू लागतं. पाणी आणि चंदनतेल यांच्या घनतेत फरक फार थोडा, त्यामुळे तेल वर यायला वेळ घेतं. मग हळूहळू फिकट पिवळा, दाटसर थर दिसतो.

इथं घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. सुरुवातीला जे येतं त्यात हलकी हायड्रोकार्बनं जास्त. खरा ऐवज, म्हणजे सँटॅलॉल, जड आणि आळशी. तो मागून, सावकाश निघतो. म्हणून एक घाणा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतो. जळण वाचवायला लवकर वाफ बंद केली की तेल भरतं कमी आणि परीक्षेत नापासही होतं. पहाटे साहेब विचारतील, ‘किती आलं?’ तुम्ही सांगा, अजून यायचंय. चांगल्या गाभ्याच्या १०० शेर भरडीला साधारण ५ शेर तेल, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. वेटोळ्यातून आलेलं पाणी पुन्हा वापरायचं, कारण त्यात तेलाचा अंश असतो. निथळलेली भरड उदबत्तीवाले घेऊन जातात. वाया काही जात नाही.

पुढच्याच वर्षी म्हैसूरला दुसरा कारखाना निघाला, १९१८ मध्ये चंदनी साबण आला आणि त्या साबणासाठी विलायतेला शिकायला पाठवलेले एस. जी. शास्त्री ‘सोप शास्त्री’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ही सगळी गोष्ट अभिमानाची आहे आणि ती तशीच सांगितली जाते. मला मात्र बांधावरचा तो कुळवाडी आठवत राहतो. झाड त्याच्या जमिनीत, त्याच्या करंजाच्या आणि तुरीच्या मुळांवर वाढलेलं, मालकी सरकारची, चोरी झाली तर चौकशी त्याची. असा माणूस चंदनाचं रोप दिसलं की काय करील? गुपचूप उपटून टाकील. मक्त्यानं कारखान्याला लाकूड पुरवलं खरं, पण झाड लावणारा एकही माणूस तयार केला नाही. तस्करी वाढली, वीरप्पनसारखे लोक माजले, रानं ओस पडली. कर्नाटकानं कायदा बदलून जमीनमालकाला झाडाचा मालक केलं ते २००१ मध्ये. म्हणजे टिपूच्या हुकमानंतर २०९ वर्षांनी.

आता परत या, तुमच्या स्वतःच्या शेतात. महाराष्ट्रात सध्या चंदनाची रोपं विकणारे गावोगाव फिरतायत आणि एकरी कोटींचे हिशेब कागदावर मांडून दाखवतायत. तो कागद हातात आला तर विकणाऱ्याला एवढं विचारा: शेजाराला यजमान झाड कोणतं लावायचं? तोडण्याजोगा गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तोवर राखण कोण करणार? आणि तोडीची परवानगी? चंदन आपल्याकडे १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. तेव्हा रोपं लावलीत तर पहिल्याच वर्षी सातबाऱ्यावर नोंद करून घ्या.