कर्बवायूचा जागतिक ताळेबंद
विशेष प्रतिनिधी

हवेतील कर्बवायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण वाढत आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ते नेमके किती वाढले, वाढलेला वायू कुठून आला आणि जो हवेत राहिला नाही तो गेला कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही एका देशाला किंवा विज्ञानाच्या एका शाखेला स्वबळावर देता येत नाहीत. वारा सरहद्द मानत नाही. मुंबईतील वाहनाच्या धुरातून बाहेर पडलेला कर्बवायू साधारण वर्षभरात साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळून जातो. त्यामुळे हा हिशेब जागतिक पातळीवरच मांडावा लागतो आणि तो मांडण्यासाठी गेली सहा दशके जगभरातील शास्त्रज्ञांनी समन्वयाची एक मोठी यंत्रणा उभी केली आहे. हवामान बदलाविषयीचे सर्व आंतरराष्ट्रीय करार या यंत्रणेच्या आकड्यांवर उभे आहेत. ही यंत्रणा चालते कशी, आणि तिच्यात खंड पडला तर काय होते, याचा हा आढावा.

हिशेब कशाचा?

कर्ब हवा, वनस्पती, माती आणि समुद्र यांच्यात सतत फिरत असतो. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून तो शोषून घेतात. श्वसनातून आणि कुजण्याच्या प्रक्रियेतून तो पुन्हा हवेत येतो. समुद्राचा पृष्ठभागही कुठे तो घेतो, तर कुठे परत देतो. या नैसर्गिक देवघेवीच्या तुलनेत मानवी भर लहान, एक दशांशाहूनही कमी आहे. तथापि निसर्गातील घेणे आणि देणे एकमेकांना जवळपास पुरे पडते. माणसाची भर मात्र एकाच बाजूला पडत राहते. लाखो वर्षे भूगर्भात साठलेला कोळसा आणि तेल आपण काही पिढ्यांत जाळत आहोत.

'ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२५ च्या अंदाजानुसार त्या वर्षीचे खनिज इंधनांपासूनचे उत्सर्जन ३८.१ अब्ज टन कर्बवायू इतके होते. जंगलतोडीसारख्या जमीनवापरातील बदलांची भर घातली, तर एकूण आकडा सुमारे ४२ अब्ज टनांवर जातो. हवेतील कर्बवायूचे प्रमाण दहा लाख रेणूंमागे एका रेणूने, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत एक पीपीएमने वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन कर्बवायू लागतो. म्हणजे हे सारे उत्सर्जन हवेतच राहिले असते, तर दरवर्षी पाच पीपीएमहून अधिक वाढ दिसली असती. प्रत्यक्षात अलीकडच्या दशकातील सरासरी वाढ साधारण अडीच पीपीएम आहे. उरलेला जवळपास निम्मा वाटा जमीन आणि समुद्र शोषून घेतात. निसर्गाची ही मदत किती काळ टिकेल, हा कर्बचक्राच्या संशोधनातील आजचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे.

सुरुवात ज्वालामुखीच्या उतारावर

१९५७-५८ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष' म्हणून साजरे झाले. शीतयुद्धाच्या ऐन काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह अनेक देशांचे शास्त्रज्ञ पृथ्वीच्या अभ्यासासाठी एकत्र आले. याच उपक्रमात चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर कर्बवायूची सलग मोजणी सुरू केली. पहिली नोंद सुमारे ३१३ पीपीएम होती. मे २०२५ मध्ये तेथील मासिक सरासरी प्रथमच ४३० पीपीएमच्या पुढे गेली.

कीलिंग यांच्या आलेखातून दोन गोष्टी दिसल्या. उत्तर गोलार्धातील झाडांना पालवी फुटते तेव्हा कर्बवायू घटतो आणि पानगळीनंतर तो वाढतो. पृथ्वीचा हा जणू वार्षिक श्वासोच्छ्वास. परंतु प्रत्येक श्वासानंतर आलेख आधीच्या वर्षापेक्षा थोडा वर गेलेला असतो.

मोजणीच्या आधीचा इतिहास सांगितला तो ध्रुवीय बर्फाने. अंटार्क्टिकातील सोव्हिएत संघाच्या व्होस्तोक तळावर काढलेल्या बर्फाच्या गाभ्यातील हवेचे बुडबुडे फ्रान्समधील प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कर्बवायू २८० पीपीएमच्या आसपास होता, हे बर्फातील अशाच नोंदींवरून समजले. एका देशाचा तळ आणि दुसऱ्या देशाची प्रयोगशाळा एकत्र आल्या नसत्या, तर हे काम पुढे सरकले नसते.

मोजपट्टी एकच हवी

एकाच वेळी दोन ठिकाणच्या हवेतील कर्बवायूत अनेकदा एखाद्या पीपीएमचाच फरक असतो. कोणता प्रदेश किती वायू सोडतो आणि किती शोषतो, हे या बारीक फरकावरून ओळखावे लागते. भारतातील आणि जपानमधील उपकरणे एकाच हवेसाठी वेगवेगळे आकडे दाखवू लागली, तर तो फरक निसर्गातला की यंत्रातला, हे सांगता येणार नाही. म्हणून जागतिक हवामान संघटनेने उत्तर गोलार्धातील मोजणी परस्परांशी ०.१ पीपीएमच्या आत जुळावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

त्यासाठी प्रमाणित हवा भरलेले सिलिंडर वापरले जातात. त्यांतील कर्बवायूचे प्रमाण अतिशय काटेकोरपणे निश्चित केलेले असते आणि जगभरातील केंद्रे त्यांच्याशी आपली उपकरणे ताडून पाहतात. सोनाराकडचे वजन जसे प्रमाणित वजनाशी जुळवून घ्यावे लागते, तसाच हा प्रकार. या मोजपट्टीची मध्यवर्ती जबाबदारी पूर्वी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेकडे होती. १९९५ पासून ती कोलोरॅडोतील बोल्डर येथील 'नोआ' या अमेरिकी संस्थेच्या प्रयोगशाळेकडे आहे. नोंदी जतन करण्याचे जागतिक केंद्र टोकियोत जपानची हवामान संस्था चालवते. मोजणीतील तज्ज्ञांच्या बैठका १९७५ पासून होत आल्या असून उपकरणांचे दोष आणि पद्धतींतील बदल यांची चर्चा तेथे होते. वृत्तपत्रांत या बैठकांची बातमी सहसा येत नाही. मात्र या समन्वयावाचून पुढचे काहीच शक्य नाही.

'हरवलेला' कर्ब कसा सापडला?

समन्वयाचा सर्वांत मोठा लाभ दिसला तो 'हरवलेल्या' कर्बाच्या कोड्यात. उत्सर्जनातून हवेतील वाढ आणि समुद्राचा अंदाजित वाटा वजा केला, तरी बराच कर्ब शिल्लक राहत असे. तो कुठे जातो, हे अनेक वर्षे उमगत नव्हते. १९९० मध्ये पीटर टान्स, आयनेझ फंग आणि तारो ताकाहाशी यांनी जगभरातील हवेच्या आणि समुद्रपृष्ठाच्या नोंदी एकत्र तपासल्या. उत्तर गोलार्धातील जमीन हा मोठा शोषक असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसरा पुरावा प्राणवायूने दिला. वनस्पती कर्बवायू घेताना प्राणवायू सोडतात. समुद्राच्या पाण्यात कर्बवायू विरघळताना मात्र असा प्राणवायू बाहेर पडत नाही. त्यामुळे हवेतील प्राणवायूची अतिसूक्ष्म घट मोजली, की जमीन आणि समुद्र यांचे वाटे वेगळे करता येतात. ही मोजणी साध्य करणाऱ्यांत चार्ल्स कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग अग्रणी होते.

कोडे उलगडले तरी हिशेब संपलेला नाही. २०२५ च्या फेरआढाव्यात समुद्राचा वाटा पूर्वीच्या अंदाजापेक्षा अधिक आणि जमिनीचा कमी असल्याचे दिसून आले. तापमानवाढीमुळे निसर्गाची शोषणक्षमता क्षीण होत असून, १९६० नंतर हवेत झालेल्या कर्बवायूच्या वाढीपैकी सुमारे आठ टक्के वाढ त्यामुळे झाली, असेही या आढाव्यात म्हटले आहे.

समन्वयाची चौकट

जागतिक हवामान संशोधन कार्यक्रम १९८० मध्ये सुरू झाला. १९८७ मध्ये भूमी, जल, वायू आणि जीवसृष्टी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारा 'इंटरनॅशनल जिओस्फिअर-बायोस्फिअर प्रोग्रॅम' आकाराला आला. जैवविविधतेवरील आणि जागतिक बदलाच्या सामाजिक अंगांवरील आणखी दोन कार्यक्रमांसह या चौघांनी मिळून २००१ मध्ये 'ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट' स्थापन केला. आता तो 'फ्यूचर अर्थ' या व्यासपीठाशी संलग्न आहे. शंभराहून अधिक शास्त्रज्ञ इंधनाची आकडेवारी, उपग्रहांच्या नोंदी, जहाजांवरील मोजणी आणि संगणकीय प्रारूपे एकत्र करून दरवर्षी कर्बाचा ताळेबंद प्रसिद्ध करतात. जमा आणि खर्च यांत राहिलेली तफावतही त्यात छापली जाते, हे विशेष.

येथे एक गल्लत टाळायला हवी. १९८८ मध्ये स्थापन झालेली आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरील आंतरसरकारी समिती, स्वतः संशोधन करीत नाही. प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे मूल्यमापन करून ती सरकारांपुढे ठेवते. मूळ काम प्रयोगशाळा, जहाजे आणि वेधशाळा यांच्यातच होते.

स्पर्धेच्या क्षेत्रातही सहकार्य कसे कामी येते, याचे उदाहरण २००९ मध्ये दिसले. जपानने जानेवारीत हरितगृह वायू मोजणारा 'इबुकी' उपग्रह सोडला. पुढच्याच महिन्यात 'नासा'चा अशाच कामाचा उपग्रह प्रक्षेपणातच नष्ट झाला. त्यानंतर अमेरिकी चमूने आपली विश्लेषणपद्धती जपानी उपग्रहाच्या नोंदींवर पारखून घेतली. तो अनुभव २०१४ मध्ये झेपावलेल्या नव्या अमेरिकी उपग्रहासाठी उपयोगी पडला.

गोवा, पुणे आणि अरबी समुद्र

या साखळीत भारताचाही वाटा आहे. गोव्यातील काब द राम या समुद्रकाठच्या भूशिरावर १९९३ पासून हवेचे नमुने घेण्यास सुरुवात झाली. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ यांचे हे संयुक्त काम. काचेच्या चंबूंत भरलेली हवा तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला जाई. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येथे समुद्रावरून, पार दक्षिण गोलार्धातून आलेली हवा पोहोचते, तर हिवाळ्यात भारतीय भूभागावरची. त्यामुळे एकाच जागी दोन प्रदेशांची हवा तपासता येते.

१९९० च्या दशकात अरबी समुद्राचा अभ्यास आंतरराष्ट्रीय मोहिमेतून झाला. अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, हॉलंड, पाकिस्तान आणि भारत यांचा तिच्यात सहभाग होता. भारताच्या बाजूने 'सागर कन्या' हे संशोधन जहाज वापरण्यात आले. मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे कर्बयुक्त पाणी वर येते आणि त्यामुळे अरबी समुद्र कर्बवायू शोषण्याऐवजी हवेत सोडतो, हे या अभ्यासांतून स्पष्ट झाले. सर्व समुद्र सारखेच वागतात असे गृहीत धरले असते, तर या भागाचा हिशेब उलटा लागला असता.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ च्या सुमारास सिंहगडावर हरितगृह वायूंची मोजणी सुरू केली. याच संस्थेने विकसित केलेले पृथ्वी-प्रणालीचे संगणकीय प्रारूप आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक तुलनेत सहभागी झाले. भारतातून असे प्रारूप प्रथमच सहभागी होत होते.

खंड पडला तर

कर्बचक्राच्या मोजणीत चुकलेला दिवस पुन्हा मिळत नाही. गेल्या वर्षीची हवा आज मोजता येत नाही. १९६४ मध्ये निधीकपातीमुळे मौना लोआची मोजणी काही महिने बंद पडली आणि ती मोकळी जागा कीलिंग यांच्या आलेखात कायमची राहिली. काब द राम येथेही २००२ नंतर काही वर्षांचा खंड पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला. लाव्हारसाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती मोजणी सुरू करावी लागली.

ज्वालामुखीपेक्षा मोठा धोका अर्थसंकल्पाचा आहे. अमेरिकी प्रशासनाने २०२५ मध्ये मांडलेल्या पुढील वर्षाच्या अर्थसंकल्प प्रस्तावात 'नोआ'च्या हवामान प्रयोगशाळांचा निधी बंद करण्याची शिफारस होती. जगाची मोजपट्टी ज्या प्रयोगशाळेकडे आहे, तिच्यावरच ही टांगती तलवार आल्याने एका देशाच्या तिजोरीवर साऱ्यांनी किती विसंबावे, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक हवामान संघटनेने २०२३ मध्ये हरितगृह वायूंच्या सामाईक निरीक्षण यंत्रणेला मान्यता दिली आहे. हा भार अनेक देशांनी वाटून घेतला, तरच ती तगेल.

भारतासाठी हा केवळ विज्ञानाचा विषय नाही. पॅरिस करारानुसार प्रत्येक देश आपल्या उत्सर्जनाचा हिशेब देतो. तो प्रामुख्याने कोळसा, तेल, सिमेंट, शेती यांच्या आकडेवारीवरून काढला जातो. तो पडताळून पाहण्याचा स्वतंत्र मार्ग हवेच्या मोजणीतून जातो. आपल्या भूमीवर पुरेशी केंद्रे नसतील, तर आपली जंगले किती कर्ब शोषतात आणि आपली शहरे किती सोडतात, हे इतरांच्या अंदाजांवरून ठरेल. वाटाघाटींच्या मेजावर स्वतःच्या नोंदी घेऊन बसणे आणि दुसऱ्याच्या आकड्यांवर हरकत घेणे यांत मोठे अंतर आहे. २०२५ च्या ताळेबंदानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखायची, तर जगाकडे आता केवळ १७० अब्ज टन कर्बवायूचे उत्सर्जन शिल्लक आहे. सध्याच्या वेगाने ते जेमतेम चार वर्षे पुरेल. इतक्या थोड्या शिलकीची वाटणी करताना मोजणारा हात थांबणे कोणालाच परवडणारे नाही.