कारखान्यांनी धुराचा हिशेब का ठेवायला घेतला?



अनेक कारखान्यांच्या फाटकावर 'आयएसओ १४००१' अशी पाटी दिसते. हे पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र. पाणी, वीज, धूर, कचरा यांची जबाबदारी कोणाची, नोंद कुठे करायची, चूक झाली तर काय करायचे, हे लिहून ठेवायचे आणि बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे. अगदी ऑडिटसारखेच. एवढा खटाटोप कंपन्यांनी का अंगावर घेतला?

सुरुवात झाली काटकसरीतून. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने 'प्रदूषण रोखणे फायद्याचे' अशा अर्थाच्या नावाची योजना काढली. गटारातून वाहून जातो तोसुद्धा पैसे मोजून आणलेला मालच. घाण करून मग ती उपसण्यापेक्षा होऊच न देणे स्वस्त, हे तिथे हिशेबाने पटले.

मग आली भीती. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. जगभर रसायन उद्योगावरचा विश्वास उडाला. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या रसायन उत्पादकांनी 'रिस्पॉन्सिबल केअर' हा उपक्रम सुरू केला. सरकारने कडक कायदे करण्याआधी आपणच शिस्त लावून घ्यावी, हाही हेतू त्यात होता.

१९९२ मध्ये ब्रिटनने बीएस ७७५० हे मानक काढले आणि १९९६ मध्ये आयएसओ १४००१ आले. तरी छोट्या कारखानदाराला त्याची गरज पटवली ती गिऱ्हाइकाने. १९९९ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी सुटे भाग पुरवणाऱ्यांना हे प्रमाणपत्र घ्यायला सांगितले. ऑर्डर टिकवायची तर दुसरा मार्ग उरला नाही.

म्हणजे नफा, धास्ती आणि गिऱ्हाईक, तिन्ही कारणे व्यवहारातलीच. त्यात मला वावगे वाटत नाही. नोंद ठेवल्याशिवाय गळती सापडत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवू या. धूर किती सोडावा, याचा आकडा हे प्रमाणपत्र ठरवत नाही. ते काम कायद्याचे. कायदा पाळण्याचे वचन देऊन कंपनी आपली उद्दिष्टे स्वतःच ठरवते. वही नीटनेटकी आहे म्हणून नदी स्वच्छ असेलच, असे नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचे कारखाने आहेत. तिथे भिंतीवर हे प्रमाणपत्र दिसले तर कौतुक जरूर करा आणि दोन प्रश्नही विचारा: गेल्या वर्षीपेक्षा पाणी किती कमी लागले, आणि उरलेला गाळ नेमका कुठे गेला?