ईमेलमधली फाइल उघडत नाही? आधी ती नेमकी कुठे आहे ते बघा

कागदपत्रं स्कॅन केली, मेल पाठवला, ‘सेंट’मध्ये तो दिसतोही आहे. दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘फाइल ओपन होत नाही, पुन्हा पाठवा.’ तोवर अर्जाची मुदत संपलेली असते.

अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न फक्त तांत्रिक राहत नाही. विद्यापीठ अमरावतीला, जिल्हाधिकारी कार्यालयही अमरावतीलाच. मेल नीट पोहोचला तर काम घरबसल्या होतं. नाही पोहोचला तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातं.

यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ एकच आहे. मेलमध्ये दिसणारी प्रत्येक फाइल मेलमध्ये असतेच असं नाही.

तीन प्रकार, तीन वेगळ्या जागा

अटॅचमेंट म्हणजे पाकिटात घातलेला कागद. त्याची प्रत समोरच्यापर्यंत जाते.

लिंक म्हणजे फक्त पत्ता. फाइल पाठवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्येच राहते आणि तिची किल्लीही त्याच्याकडेच असते.

एम्बेडेड फोटो मजकुराच्या मध्येच दिसतो. तो कधी मेलसोबत आलेला असतो, तर कधी मेल उघडल्यावर इंटरनेटवरून ओढला जातो.

फाइल कुठे आहे हे कळलं की दुरुस्ती कोणी करायची तेही कळतं.

लिंक उघडते, पण परवानगी मागते

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची अटॅचमेंट पाठवता येते. फाइल त्याहून मोठी असेल तर जीमेल ती ड्राइव्हवर टाकतं आणि मेलमध्ये लिंक जोडतं. पाठवणाऱ्याला वाटतं फाइल गेली. समोरच्याला मात्र ‘रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस’ दिसतं.

हे पाठवणाऱ्यानेच दुरुस्त करायचं असतं. ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या ‘शेअर’मध्ये जाऊन ज्याला पाठवायची त्याचा ईमेल पत्ता टाका. ते शक्य नसेल तर ‘रिस्ट्रिक्टेड’ बदलून ‘एनीवन विथ द लिंक’ करा. पण मग ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल दिसेल. आधार, बँक पासबुक अशा कागदांसाठी हा पर्याय टाळलेला बरा.

आणखी एक. गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. जागा भरली म्हणून फाइल डिलीट केली, तर आधी पाठवलेली लिंकही निकामी होते.

अटॅचमेंट जाते आणि परत येते

ईमेल मुळात फक्त मजकुरासाठी होता. त्यातून फोटो आणि फाइल पाठवण्याची ‘माइम’ ही पद्धत १९९२ मध्ये आली. त्यात फाइलचं रूपांतर अक्षरांमध्ये होतं आणि दर ३ बाइट्समागे ४ अक्षरं तयार होतात. म्हणून १५ एमबीची फाइल वाटेत साधारण २० एमबीची होते. समोरच्या सर्व्हरची मर्यादा कमी असेल तर मेल परत येतो.

अशा वेळी प्रत्येक कागदाचा वेगळा फोटो जोडू नका. ड्राइव्ह अ‍ॅपमधल्या ‘स्कॅन’ने सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या. आयफोनचे ‘हेइक’ प्रकारचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, त्यामुळे तेही पीडीएफ करूनच पाठवा.

फोटोच्या जागी रिकामा चौकोन

फोटो इंटरनेटवरून ओढला जात असेल तर काही मेल अ‍ॅप सुरक्षेसाठी तो अडवतात. पाठवणारा ओळखीचा असेल तर ‘शो इमेजेस’ दाबा. तरीही दिसला नाही, तर मूळ फोटो हलवला किंवा काढला गेलेला असू शकतो. तो अटॅचमेंट म्हणून पुन्हा मागवा.

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल आली असेल तर ती व्हायरसच असेल असं नाही. आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात मेल पाठवला की असं होतं. पाठवणाऱ्याला ‘एचटीएमएल’ प्रकार निवडून पुन्हा पाठवायला सांगा.

फाइल उघडते, पण मराठी वाचता येत नाही

कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट तिच्यासोबत आलेला नसतो. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा आतच साठवला जातो. म्हणून अर्ज युनिकोडमध्ये टाइप करा किंवा टाइप करणाऱ्याकडून पीडीएफ मागून घ्या.

आधारची पीडीएफ आणि प्रश्नचिन्ह

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. तो सांगितला नाही तर समोरच्याला फाइल उघडत नाही. पासवर्ड फाइलच्या मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

आत सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे आधार खोटं आहे असं नाही. त्या कॉम्प्युटरने सही अजून तपासलेली नसते. मात्र डिजिटल सहीची फाइल प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करू नका. स्कॅनमध्ये सहीचं फक्त चित्र उरतं, तपासता येणारी सही उरत नाही.

प्रत्येक फाइल उघडायलाच हवी का?

नाही. जीमेल ‘डॉट ईएक्सई’सारख्या फाइल स्वतःच अडवतं. ‘अनुदानाची यादी’ म्हणून ‘डॉट एपीके’ फाइल आली तर ती यादी नाही, मोबाइलमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. ते उघडू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पाठवण्याआधी दोन मिनिटं

मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा. सगळ्यांसाठी खुली केलेली लिंक असेल तर ती ‘इन्कॉग्निटो’मध्ये तपासा. फाइलला ‘स्कॅन १’ऐवजी नाव आणि कागदाचा प्रकार द्या. आणि शेवटच्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे ‘पुन्हा पाठवा’ असं उत्तर आलं तरी हातात वेळ असेल.