उजळणी वर्गापासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत : महाविद्यालयीन शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा (१९६४ ते २०२३)

गोषवारा

स्वातंत्र्योत्तर भारतात महाविद्यालयीन शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची कल्पना कोठारी आयोगाच्या अहवालातून स्पष्ट झाली, १९८७ पासून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांच्या रूपाने संस्थाबद्ध झाली आणि २०१८ नंतर मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाली. प्रस्तुत लेखात या तीन टप्प्यांचा मागोवा घेतला असून, प्रशिक्षणाचे माध्यम कोणते यापेक्षा शिकणारा शिक्षक एकटा असतो की समूहात, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरल्याचे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सेवांतर्गत प्रशिक्षण, उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, ऑनलाइन अभ्यासक्रम, पदोन्नती.

१. प्रस्तावना

शालेय शिक्षकाला अध्यापनाची पदविका किंवा पदवी घेतल्याशिवाय वर्गात उभे राहता येत नाही. महाविद्यालयीन शिक्षकाच्या बाबतीत मात्र विषयातील पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा पुरेशी मानली जाते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हे गृहीतक यामागे आहे. या गृहीतकाने निर्माण केलेली उणीव सेवेत आल्यानंतर भरून काढायची, अशी भारतीय उच्च शिक्षणाची रीत राहिली आहे. त्यामुळे सेवांतर्गत प्रशिक्षणाचा इतिहास हा काही प्रशासकीय योजनांच्या यादीपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयीन अध्यापनाला व्यवसाय म्हणून किती गांभीर्याने घेतले गेले, याचा तो आलेख आहे.

२. कोठारी आयोग आणि ‘एकाकीपणाचे’ निदान

राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच उजळणी वर्गांचा विचार मांडला होता; परंतु त्याचा रोख मुख्यतः माध्यमिक शाळा व इंटरमिजिएट महाविद्यालयांतील शिक्षकांकडे होता. विद्यापीठीय शिक्षकांसंबंधी अधिक नेमकी मांडणी १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने केली. दौलतसिंह कोठारी या आयोगाचे अध्यक्ष होते आणि जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव. कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या नाईकांचे नाव पुढे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेशी कायमचे जोडले गेले.

शिक्षक-प्रशिक्षणाची चर्चा करताना या आयोगाने एक महत्त्वाचे निदान केले. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेल्या आहेत. हे एकाकीपण दूर झाल्याशिवाय सुधारणा होणार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. नव्याने नेमलेल्या प्राध्यापकांसाठी सत्राच्या आरंभी उद्बोधन वर्ग घ्यावेत आणि मोठ्या विद्यापीठांत किंवा विद्यापीठांच्या गटांत त्यासाठी कायमस्वरूपी ‘स्टाफ कॉलेज’ असावे, अशी शिफारसही अहवालात होती. ही शिफारस प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत विज्ञान विषयांची उन्हाळी शिबिरे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्याशाखा-सुधार योजना यांवर काम भागले.

३. उपग्रहाचा प्रयोग

ऑनलाइन प्रशिक्षणाची पूर्वपीठिका महाविद्यालयांत नव्हे, तर खेड्यांतील प्राथमिक शाळांत सापडते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

या प्रयोगाचा एक भाग म्हणून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दोन फेऱ्यांत देण्यात आले. प्रत्येक फेरीत सुमारे २४,००० शिक्षक सहभागी झाले. इतक्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावणे अशक्यच होते. म्हणून दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील साहित्य आणि कृती यांचा मेळ घालण्यात आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिक्षक पडद्यासमोर एकटा बसलेला नव्हता. संचाभोवती परिसरातील शिक्षक जमत, कार्यक्रम पाहत, मार्गदर्शकाच्या साहाय्याने त्यावर चर्चा करत आणि प्रयोग स्वतः करून पाहत. व्याख्यान दूरचे असले तरी शिकणे स्थानिक होते.

या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल होते. तेच पुढे १९८६ ते १९९१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाला संस्थात्मक रूप आले. मात्र ते दूरस्थ नव्हे, तर निवासी स्वरूपाचे होते.

४. ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजचा काळ

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या व्यावसायिक विकासावर भर दिला आणि १९८७ पासून विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. आरंभी ४८ केंद्रांना मंजुरी मिळाली. पुढे ही संख्या ६६ वर गेली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठांत ही केंद्रे उभी राहिली. मूळ निकषांनुसार उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा, म्हणजे १४४ तासांचा, तर उजळणी वर्ग तीन आठवड्यांचा, म्हणजे १०८ तासांचा होता.

उद्बोधन वर्गाची रचना विचारपूर्वक केलेली होती. समाज, पर्यावरण व शिक्षण यांचा परस्परसंबंध, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, संदर्भसाधनांची जाण, व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्वविकास असे तिचे चार घटक होते. उजळणी वर्ग एकाच विषयाच्या शिक्षकांचा असे, तर उद्बोधन वर्गात सर्व विषयांचे शिक्षक एकत्र येत. रसायनशास्त्राचा शिक्षक मराठीच्या शिक्षकाचा नमुना पाठ ऐके आणि त्यावर मत देई. तालुक्याच्या महाविद्यालयात आपल्या विषयाचा एकमेव शिक्षक असलेल्या व्यक्तीला त्याच विषयाचे सहकारी अनेकदा प्रथम उजळणी वर्गातच भेटत. कोठारी आयोगाने सांगितलेल्या एकाकीपणावर हा खरा उतारा होता आणि त्याचा मोठा भाग वेळापत्रकाबाहेर, वसतिगृहात व भोजनगृहात घडत होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तीन-चार आठवडे कार्यमुक्त करण्यास महाविद्यालये नाखूश असत, कारण तासिका बुडत. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील यांची जबाबदारी असलेल्या शिक्षिकांना घराबाहेर इतके दिवस राहणे कठीण होते. तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक या चौकटीच्या जवळजवळ बाहेरच राहिले. निवासी प्रशिक्षणाने सहवास दिला, पण तो सर्वांना दिला नाही.

५. प्रमाणपत्र आणि पदोन्नती

प्रशिक्षणाचा इतिहास बदलून टाकणारा निर्णय अभ्यासक्रमाविषयीचा नव्हता, तर सेवाशर्तींविषयीचा होता. मेहरोत्रा समितीनंतर लागू झालेल्या वेतनश्रेणींबरोबर पदोन्नतीसाठी उद्बोधन व उजळणी वर्ग पूर्ण करण्याची अट आली. या अटीमुळे केंद्रांना सहभागींची खात्री मिळाली. त्याचबरोबर सहभागाचा हेतूही बदलला. ‘काय शिकलो’ या प्रश्नाची जागा ‘किती वर्ग झाले’ या प्रश्नाने घेतली.

जागा अपुऱ्या आणि अट सक्तीची, अशा स्थितीत अट पूर्ण करण्यासाठी वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागली. ३० जून २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले आणि प्रशिक्षण हा गुणपत्रकातील आणखी एक रकाना झाला. १८ जुलै २०१८ च्या नियमावलीत हे स्वरूप बदलले, परंतु प्रमाणपत्राचे महत्त्व कायम राहिले. याच नियमावलीने ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राला पदोन्नतीच्या पर्यायांत स्थान दिले. महाविद्यालयीन शिक्षक ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे वळला, त्याचे एक कारण तंत्रज्ञान होते. दुसरे आणि अधिक प्रबळ कारण हा नियम होता.

६. दूरस्थ केंद्रांचा मध्यममार्ग

या दोन टोकांच्या मधला एक प्रयोग मुंबईत झाला. २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रह सोडण्यात आला आणि २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू झाले. या पार्श्वभूमीवर आयआयटी मुंबईतील दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली प्रामुख्याने अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठ्या कार्यशाळा घेण्यात आल्या. ‘दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण’ या नावाने हा उपक्रम ओळखला गेला.

त्याची कार्यपद्धती उद्बोधक होती. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये दूरस्थ केंद्रे म्हणून निवडली गेली. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी मुंबईत प्रशिक्षण दिले गेले. मुख्य कार्यशाळेत व्याख्याने मुंबईहून थेट प्रक्षेपित होत. प्रयोगशाळेतील काम व शंकानिरसन मात्र त्या त्या केंद्रावर समन्वयकाच्या देखरेखीखाली चाले. शिक्षकाला दूरचा प्रवास करावा लागला नाही, पण तो घरी एकटाही बसला नाही. ‘साइट’च्या संचाभोवतीचा समूह येथे तीन दशकांनंतर नव्या रूपात दिसतो.

७. ‘स्वयम्’ आणि ‘अर्पित’

२०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘अर्पित’ ही शिक्षकांसाठीची वार्षिक ऑनलाइन उजळणी योजना सुरू झाली. त्यासाठी ७५ राष्ट्रीय संसाधन केंद्रे ठरवण्यात आली. अभ्यासक्रम ४० तासांचा होता : २० तास ध्वनिचित्रफितींचे आणि २० तास इतर साहित्याचे. हा अभ्यासक्रम पदोन्नतीसाठी एका उजळणी वर्गाशी समकक्ष मानण्यात आला.

१०८ तासांच्या जागी ४० तास, हा फरक केवळ अंकांचा नाही. कमी झालेल्या वेळेत प्रामुख्याने चर्चासत्रे, नमुना पाठ आणि सहकाऱ्यांची प्रतिक्रिया यांचा भाग होता. ‘स्वयम्’च्या चार घटकांपैकी एक चर्चामंच हा होता, म्हणजे रचनेत संवादाची सोय होती. परंतु परस्परांना कधी न भेटलेल्या सहभागींकडून खुल्या चर्चेची अपेक्षा ठेवणे आणि पंधरा दिवस एका वर्गात बसलेल्या सहकाऱ्यांकडून ती ठेवणे, यांत अंतर आहे. असे असले तरी या योजनेने प्रवेशाची दारे उघडली, हे नाकारता येणार नाही. घर, तासिका आणि प्रवास यांमुळे वगळले गेलेले शिक्षक प्रथमच बरोबरीने सहभागी होऊ शकले.

८. टाळेबंदी आणि त्यानंतर

२५ मार्च २०२० रोजी लागू झालेल्या टाळेबंदीने पर्यायाचे रूपांतर अपरिहार्यतेत केले. २०१५ मध्ये ‘मानव संसाधन विकास केंद्र’ असे नामांतर झालेल्या जुन्या स्टाफ कॉलेजांनीही आपले वर्ग ऑनलाइन घेतले. ज्यांना इतरांना ऑनलाइन शिकवायचे होते, ते स्वतःही ऑनलाइनच शिकत होते. दृश्यपटल बंद ठेवलेल्या श्रोत्यांपुढे बोलण्याचा अनुभव शिक्षकांनी व्याख्याता म्हणून घेतला आणि सहभागी म्हणून इतरांना दिलाही. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ही केंद्रे त्यात समाविष्ट होऊन त्यांना नवे नाव मिळाले व केंद्रांची संख्या १११ सांगण्यात आली.

९. निष्कर्ष

या सहा दशकांच्या आढाव्यातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) समोरासमोरचे प्रशिक्षण चांगले आणि ऑनलाइन प्रशिक्षण दुय्यम, अशी विभागणी इतिहासाला धरून नाही. ‘साइट’ व आयआयटी मुंबईचा उपक्रम या दोन्हींत व्याख्याता दूर होता. तरीही शिक्षकाला समूह मिळाला.

(२) निवासी वर्गांनी सहवास दिला, पण प्रवेश मर्यादित ठेवला. ऑनलाइन अभ्यासक्रमांनी प्रवेश दिला, पण सहवास काढून घेतला. एक उणीव भरताना दुसरी निर्माण झाली.

(३) पदोन्नतीच्या अटीने दोन्ही व्यवस्थांना सहभागी पुरवले आणि दोन्हींचे मूल्यमापन प्रमाणपत्राशी आणून थांबवले. प्रशिक्षणानंतर वर्गातील अध्यापनात काय बदलले, याची नोंद घेण्याची सक्षम यंत्रणा उभी राहिली नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. एखाद्या महाविद्यालयातील किंवा तालुक्यातील चार-पाच शिक्षकांनी एकच ऑनलाइन अभ्यासक्रम एकत्र करावा, आठवड्यातून एकदा भेटावे, एकमेकांचा एक तरी तास पाहावा आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने त्याची नोंद ठेवावी, इतकी व्यवस्था कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. कोठारी आयोगाने ज्या एकाकीपणाकडे बोट दाखवले होते, ते पडद्याने आणलेले नव्हते. त्यामुळे पडदा बंद करून ते दूरही होणार नाही. ते शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याकडे जाण्यानेच दूर होईल.